विकृत स्वभाव आणि हिंसक गुन्हे



कर्जतच्या फलाटावर एखादा जटा वाढलेला, चिंध्या ल्यालेला, आपल्याशींच पुटपुटणारा मनुष्य दिसला कीं मंडळी बाजूस सरतात आणि आया मुलांस पदराआड घेतात. हा केव्हां अंगावर धांवून येईल याचा नेम नाहीं, ही भीति. आणि अशाच माणसांस आसरा देणारें एक स्थान त्या स्टेशनापासून जवळच, वेणगांवीं आहे. डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनीं १९८८ सालीं मुंबईंत श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था काढली. करवंटीनें गटाराचें पाणी पिणारा एक तरुण त्यांच्या दृष्टीस पडला, आणि उपचारानंतर तो चांगला सुशिक्षित निघाला. तेथून या कार्याचा उगम. कर्जतचें केंद्र २००६ सालीं उभें राहिलें. २०१८ सालीं डॉ. वाटवानींस मॅगसेसे पारितोषिक मिळालें, तोंपर्यंत ७,००० हून अधिक माणसें या संस्थेच्या द्वारें आपापल्या घरीं पोंचलीं होतीं. अशा रुग्णाच्या हातून हिंसा घडण्यापेक्षां तो स्वतःच हिंसेस बळी पडण्याचा संभव अधिक, असें अभ्यासक सांगतात.

मग वेड आणि खून यांची सांगड लोकांच्या मनांत कोणीं घातली? मुंबई-कोंकणापुरतें बोलावयाचें तर रामन राघव याचें नांव पुढें येतें. १९६८ सालीं मुंबईच्या उपनगरांत पदपथावर व झोपड्यांत निजलेल्या गरिबांचीं डोकीं रात्रीं फोडलीं जाऊं लागलीं. २७ ऑगस्ट रोजीं ॲलेक्स फियालो या पोलीस अधिकाऱ्यानें त्यास हेरून पकडलें. न्यायालयानें मृत्युदंड दिला. परंतु पुढें वैद्यकीय तज्ज्ञांनीं त्यास असाध्य स्किझोफ्रेनिया असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८७ सालीं तो दंड जन्मठेपेवर आला. १९९५ सालीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत तो मरण पावला. त्या एका मनुष्यानें हजारों निरुपद्रवी वेड्यांस बदनाम करून ठेविलें.

याच्या शेजारीं पुण्याचें जोशी-अभ्यंकर प्रकरण ठेवून पाहावें. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ एवढ्या काळांत दहा खून झाले. संस्कृत पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर यांच्या घरांत एका रात्रींत पांच. करणारे कोण? राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह, चित्रकलेच्या महाविद्यालयांतील तरुण! त्यांस कोणते आवाज ऐकूं येत नव्हते, कीं कोणी भूत दिसत नव्हतें. घर निवडावें, दोरी बरोबर न्यावी, काम उरकून पुनः शहरांत चारचौघांसारखें वावरावें, असा त्यांचा क्रम होता. २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास चौघांना फांशी झाली. यांतील कोणाचेंहि निदान आज दुरून करूं नये. मुनव्वर शाह यानें तर तुरुंगांत आपला अपराध कबूल करणारें पुस्तकच लिहिलें, तेव्हां चौघे एकाच मुशींतले होते असेंहि म्हणवत नाहीं. पण एवढें खरें कीं, कर्जतच्या फलाटावर या चौघांस पाहून कोणतीहि आई मूल ओढून घेती ना.

बुद्धि शाबूत, परंतु दुसऱ्याच्या दुःखाचा स्पर्शच नाहीं, अशा माणसांचें कोडें वैद्यांस जुनें आहे. फ्रान्समधील पिनेल यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं भ्रमावांचूनच्या उन्मादाचें वर्णन केलें; प्रिचर्ड या इंग्रज वैद्यानें १८३५ सालीं त्यास नैतिक वेड म्हटलें. आज ज्यास व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात त्याचे अनेक प्रकार आहेत. कोणी अति संशयी, कोणी क्षणांत पराकोटीचा प्रेमळ तर क्षणांत पराकोटीचा द्वेषी, कोणी आत्मप्रौढींत बुडालेला. बहुतेक जण फार तर स्वतःला व घरच्यांना छळतात. हिंसेशीं निकटचा संबंध आहे तो समाजविरोधी म्हटल्या जाणाऱ्या प्रकाराचा: वारंवार खोटें बोलणें, उतावीळपणा, दुसऱ्याच्या जिवाची बेफिकिरी आणि कृत्यानंतर पश्चात्तापाचा अभाव. आजार माणसावर मध्येंच येऊन कोसळतो; हा स्वभाव मात्र बालपणापासून त्याच्याबरोबर वाढत येतो. म्हणूनच अठरा वर्षांखालील मुलास हें नांव देत नाहींत, आणि पंधराव्या वर्षाच्या आधींची वर्तणूक तपासल्यावांचून प्रौढासहि देत नाहींत.

फाझेल व डॅनेश या दोघांनीं १२ देशांतील ६२ पाहण्या एकत्र करून २००२ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निष्कर्ष छापले. तुरुंगांतील पुरुषांपैकीं शेंकडा ६५ जणांत कोणता ना कोणता व्यक्तिमत्त्वविकार, शेंकडा ४७ जणांत समाजविरोधी प्रकार आणि खरें वेड शेंकडा ४ च्याहि आंत. आंकडे पाहून कोणी म्हणेल, झालें, गुन्हेगाराची खूण सांपडली. येथें जरा थांबावें. कायदा मोडणें हें या विकाराच्या लक्षणांतच मोजलें जातें. तेव्हां तुरुंगांत तो अधिक आढळला यांत नवल थोडें. शिवाय बंदिवानांपैकीं पुष्कळांत विकार आहे, याचा अर्थ विकार असलेले पुष्कळ जण खून करतात असा होत नाहीं. दारू, लहानपणचा मार, हातीं आलेलें हत्यार, वाईट टोळी यांची भर पडते तेव्हां धोका वाढतो.

जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची हौस या देशानें भोगलेली आहे. १८७१ च्या कायद्यानें जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं गेला, संशय मात्र गेला नाहीं. कर्जत-खालापुरांत चोरी झाली कीं प्रथम कातकरी वाडीकडे बोट दाखविणारे अजून भेटतात. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाड्यास मुलें पळविणारे म्हणून डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावानें ठेचून मारलें. त्या जमावास कोणत्या विकाराचें नांव द्यावें?

कायदा या बाबतींत स्पष्ट आहे. १८६० च्या दंडसंहितेचें ८४ वें कलम आतां १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमांत आलें आहे. कृत्य काय किंवा तें गैर आहे, हें मनोविकलतेमुळें ज्यास कळत नव्हतें त्यासच माफी. ज्यास कळतें पण वाटत नाहीं, त्यास ती मिळत नाहीं.

उपाय करावयाचा तो लवकर. न्यूझीलंडांतील डुनेडिन शहरीं १९७२-७३ सालीं जन्मलेल्या सुमारें हजार मुलांचा मागोवा आजवर घेतला जात आहे. त्यांतून दिसलें कीं, मिसरूड फुटतांना वांडपणा करणारे बहुतेक पुढें सुधारतात. लहानपणापासून क्रूरपणा, चोरी, मारामारी करीत आलेला मूठभर गट तेवढा चिंतेचा. तेव्हां शिक्षकानें वर्गांतील प्रत्येक खोडकर पोरास भावी खुनी समजूं नये. परंतु सहा-सात वर्षांचें मूल पुनःपुनः जनावरांस हाल करून मारतें, आग लावतें आणि त्याला कांहींच वाटत नाहीं, तर वेताच्या छडीनें तें अधिक निगरगट्ट होतें. आईबापांस बोलावून घरीं काय चाललें आहे याची विचारपूस करावी. पुष्कळदां तेथेंच बापाची दारू व पट्टा निघतो. वैद्याकडे जाण्यास लोक लाजतात, त्यांच्यासाठीं सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनीची सोय केली आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस विनामूल्य, आणि मराठींतून बोलतां येतें.