चिखलदऱ्याचा एक मुक्काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची सहल चिखलदऱ्याला न्यावी, अशी सूचना मागच्या सभेत आली होती. गेल्या मे महिन्यात आमचे कुटुंब तिथे मुक्काम करून आले, हे चिटणीसबाईंना ठाऊक होते. "तुम्ही पाहिले तेवढे सगळ्यांना सांगा, म्हणजे ठरवायला बरे पडेल," असे त्यांनी म्हटले, म्हणून मी आपल्यापुढे उभी आहे.

आमचे जाणे मुळात ओंकारेश्वराला होते. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली आणि नर्मदेचे स्नान एकदा घडावे अशी त्यांची फार इच्छा. पण धंतोलीहून एका दमात ओंकारेश्वर गाठणे त्यांच्या कमरेला झेपणारे नव्हते. तेव्हा अमरावती, परतवाड्यावरून चिखलदऱ्याला एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी सेमाडोह, हरिसाल, धारणीवरून बऱ्हाणपूर, खंडव्याकडे उतरायचे असे ठरले. मोटार पुतण्याची, चालवणाराही तोच. सासूबाईंना मात्र हा मुक्काम मनातून पसंत नव्हता. "देवाला निघालो, मध्येच हवा खायला कशाला थांबायचे?" हे त्यांनी अमरावती येईपर्यंत तीनदा विचारले.

पहाटे पाचला निघालो. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, तिळाची चटणी आणि फिरकीचा तांब्या. परतवाडा मागे पडले आणि पुढे घाट लागला, तशी धाकटीने खिडकीतून मान बाहेर काढली ती वर पोचेपर्यंत आत घेतली नाही. लिंबू हुंगायला दिले, आवळासुपारी दिली, उपयोग शून्य. पण शेवटचे वळण घेतले आणि गार वाऱ्याची झुळूक आली. नागपूरला पारा पंचेचाळिसावर, आणि इथे सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सावरून अंगभर लपेटून घेतला! मग त्यांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

आता गावाची थोडी माहिती सांगते. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत आहे. उंची साधारण ११०० मीटर. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा, त्याचे चिखलदरा झाले, असे लोक सांगतात. कीचकवधानंतर भीमाने जिथे अंग धुतले ते भीमकुंड म्हणून दाखवतात. १८२३ साली हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा हेरली आणि पुढे इथे साहेबलोकांचे बंगले उठले. त्यांनी लावलेली कॉफी अजून इथे होते. आमच्या यजमानांनी तिची एक पुडी आणली आहे, ती आज चहाबरोबर आपल्यासाठी ठेवली आहे.

जवळच गाविलगड किल्ला आहे. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने तो १४२५ मध्ये बांधल्याचे सांगतात. नंतर तो आपल्या नागपूरकर भोसल्यांकडे आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. किल्ल्यात मला भिंतींपेक्षा तिथले जुने तलाव जास्त आवडले. डोंगराच्या माथ्यावर माणसे ठेवायची तर आधी पाण्याची सोय करायची, हे त्या लोकांना पक्के कळत होते.

पाण्याचे मी मुद्दाम सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे. आम्ही उतरलो तिथे खोली स्वच्छ होती, अंथरूण-पांघरूण चांगले होते, पण नळाला पाणी नव्हते. माणशी एक बादली मिळेल, असे सांगण्यात आले. यजमान रागावले. "खोलीचे पैसे पुरे घेता, मग पाणी अर्धे का?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तेवढ्यात एक कोरकू बाई डोक्यावर गुंड आणि कमरेवर कळशी घेऊन मागच्या दाराने आली. तिने पिंप भरले आणि पुन्हा निघाली. अशा तिच्या किती खेपा झाल्या, ते मी मोजले नाही. पण सासूबाई ओसरीत बसून पाहत होत्या. त्यांनी तिला थांबवले, दशमी दिली आणि "कुठून आणतेस गं?" म्हणून विचारले.

ती म्हणाली, "पावसाळ्यात इथं पानीच पानी राह्यते, आजी. होळी झाली का मंग दूर जा लागते. घरचं भरून मंग इथलं भरतो."

मी म्हटले, "मग आम्ही पाहुणे येतो, त्याचा तुम्हांला त्रासच होत असेल."

तर ती हसली. "नाही आले तं आमाले काम कोन देईन, बाई? या तुमी. पन थोडं जपून वापरा."

भगिनींनो, मला तिचे हे उत्तर फार विचार करण्यासारखे वाटले. आपण गेलो तर तिच्या डोक्यावरचा गुंड वाढतो, आणि न गेलो तर तिची चूल अडते. मग आपण करावे तरी काय?

चिखलदऱ्याला नागपूरपेक्षा पाऊस जास्त. पण डोंगर काळ्या कातळाचा, उतार मोठा. पडलेले पाणी दऱ्यांतून धावत खाली निघून जाते, जमिनीत थोडेच मुरते. आणि मे महिन्यात झरे आटलेले असतात, नेमके तेव्हाच आपण सगळे थंड हवेसाठी वर जातो. दुसऱ्या दिवशी उतरताना वाटेवरच्या एका गावाशी टँकरसाठी भांड्यांची लांब रांग लागलेली पाहिली. रांगेत एकही पुरुष नव्हता, हे तुम्हांला सांगायला नकोच.

यजमान म्हणाले, "याला आपण काय करणार? ते सरकारचे काम." तलाव, नळ, साठवण हे सरकारचे काम आहेच, ते मागितलेच पाहिजे. पण सासूबाईंनी त्या रात्री एका तांब्यात हातपाय धुतले आणि उरलेली बादली तशीच पिंपात परत ओतायला लावली. "आर्वीला लहानपणी विहिरीचा तळ पाहिला आहे मी," एवढेच त्या बोलल्या. मग मुलांनीही निमूट तसेच केले.

आणखी एक सांगते. आपल्या नळाला येणारे पाणी पेंच आणि कन्हानचे. या दोन्ही नद्या छिंदवाड्याकडच्या सातपुड्यात उगम पावतात. म्हणजे धंतोलीत बसून आपण रोज सातपुड्याचेच पाणी पितो. ज्या डोंगराने आपली तहान भागवली, त्याच्या माथ्यावरची बाई उन्हाळ्यात कोरडी, हे काही बरे दिसत नाही.

तेव्हा सहलीविषयी माझे म्हणणे असे. सहल चिखलदऱ्यालाच न्यावी, पण मे महिन्यात न नेता पावसाळा सरल्यावर, नवरात्रीनंतर न्यावी. तेव्हा दऱ्या हिरव्या असतात, धबधबे वाहतात आणि पाणी कोणाकडून हिसकावून घ्यावे लागत नाही. दुसरे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या आपण नेल्या तर आपणच परत आणाव्यात. भोवती मेळघाटचे जंगल आहे. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प निवडले, त्यांत ते होते. तिथे आपला कचरा टाकून येणे शोभत नाही. तिसरे, सगळे घरून बांधून नेऊ नये. मोथ्याच्या गवळ्यांकडचा खवा घ्यावा, तिथल्या बायकांकडून चार वस्तू घ्याव्यात. म्हणजे आपल्या जाण्याने त्यांच्या पदरात काही पडेल.

आणि शेवटचे, आपल्यासाठी. त्या संध्याकाळी स्वयंपाक नव्हता, भांडी नव्हती, दारावर कोणी येणार नव्हते. आम्ही सासूसुना देवी पॉइंटवर दीड तास नुसत्या बसून होतो. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, पण इतका वेळ आम्ही दोघी कधी अशा बसलो नव्हतो. त्यांच्या माहेरच्या कितीतरी गोष्टी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या. ओंकारेश्वरचे स्नान छान झाले, पण परत आल्यावर सासूबाई शेजारणींना आधी चिखलदऱ्याचेच सांगतात.

तेव्हा सहलीला जरूर जाऊ या, आणि ज्यांच्या घरी सासूबाई आहेत त्यांनी त्यांनाही बरोबर घ्यावे. फक्त महिना तेवढा बदलावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.