वसतिगृहासाठी इमारत घेण्यापूर्वी



आपल्या समाजाच्या मुलांकरिता सेनगावी वसतिगृह असावे, या हेतूने बाजारपेठेतील एक जुनी इमारत घेण्याचा विचार कार्यकारिणीपुढे आहे. इमारत सोयीची आहे. परंतु तिच्या दर्शनी भागात तीन भाडेकरू दुकानदार आहेत. खरेदी झाली की ते निघतील, असे मालक सांगतात. या एका वाक्याविषयीच आम्हांस बोलावयाचे आहे. आम्ही वकील नव्हे, मॅट्रिक झालेले शाळामास्तर. पण या विद्येची फी आम्ही पदरची भरलेली आहे.

सेवानिवृत्तीनंतर फंडाचे पैसे हाती आले, तेव्हा आम्ही हिंगोलीस एक घर घेतले. पुढील खोलीत सायकलदुरुस्तीचे दुकान होते. भाडे दोन हजार, अनामत काही नाही, असे विकणाऱ्याने सांगितले व आम्ही मान डोलाविली. खरेदीखतानंतर भाडे मागावयास गेलो, तो त्या गृहस्थाने पत्र्याच्या डब्यातून एक चिठी काढली. पन्नास हजार अनामत मिळाल्याबद्दल तीवर जुन्या मालकाची सही होती. शिवाय मागील भिंत त्याने स्वखर्चाने बांधली होती व तो खर्च भाड्यातून वळता व्हावयाचा होता. विकणारे तोवर परगावी निघून गेले होते. अडीच वर्षे आम्हांस भाड्याचा पैसा दिसला नाही. त्या दुकानदाराने आम्हांस फसविले म्हणावे, तर आम्ही त्यास काही विचारलेच नव्हते!

मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या अधिनियमाचा रोखही असाच आहे. घराचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याचा हक्क खरेदीदारास ठाऊक होता, असेच धरले जाते. खरेदीपूर्वीचे थकलेले भाडे मात्र, तसे ठरलेले नसेल तर, नव्या मालकास मिळत नाही.

दुसरा कायदा महाराष्ट्र भाडे नियंत्रणाचा, 1999 चा. तो 31 मार्च 2000 पासून अमलात आला आणि हैदराबादचा 1954 चा जुना कायदा त्याने रद्द केला. तो सर्वच गावांस लागू नाही. आपल्या जागेस लागतो की नाही, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावे. जेथे लागतो तेथे भाडेकरार लेखी व नोंदलेला हवा. तो नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. नियमित भाडे देणाऱ्यास कायद्यातील कारणांवाचून काढता येत नाही. ज्यांच्या वाडवडिलांची शेती संरक्षित कुळाकडे गेली, त्या घरांस ताबा म्हणजे काय, हे आम्ही काय सांगावे?

कागदांविषयी थोडेच सांगतो. कराचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध घ्यावा. जुना दस्त उर्दूत निघाल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावा.

इसार देण्यापूर्वी मात्र दोन वडीलधाऱ्यांनी त्या तिन्ही दुकानी स्वतः जावे. केव्हापासून आहात, भाडे किती, अनामत किती, दुरुस्ती कोणी केली, हे लिहून घेऊन त्यावर भाडेकरू व मालक दोघांच्या सह्या घ्याव्यात. अनामत किमतीतून वजा करावी. आणि जागा सोडणार काय, हेही सरळ विचारावे. ते 'नाही' म्हणाले, तर ते आताच कळलेले बरे. जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा खेड्यांतून आलेली मुले वळकट्या घेऊन आपल्या दारी उभी असतील.