गाजलेले सामने आणि त्यांचें स्मरण

फुटबॉलचे दोन जुने षौकी एकत्र आले, कीं त्यांच्या संभाषणाचा ओघ थोड्याच वेळांत मागें वळतो. कालपरवां झालेल्या सामन्याविषयीं दोन वाक्यें बोलून होतात, आणि मग एकजण म्हणतो, "तुम्ही कांहींहि म्हणा, तसा सामना आतां होणें नाहीं." दुसरा मान डोलावतो. मग तें वर्ष निघतें, तें मैदान निघतें, आणि ज्या गोलाला चाळीस वर्षें होऊन गेलीं तो काल सायंकाळींच झाला असावा, अशा आवेशानें सांगितला जातो. घरांतील तरुण मंडळी अशा वेळीं एकमेकांकडे पाहून हसतात. म्हाताऱ्यांना आपल्या काळचें सर्वच गोड लागतें, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. तो अर्थ अगदींच खोटा नाहीं. पण तेवढ्यानें ह्या विषयाचा निकाल लागत नाहीं. जुन्या सामन्यांची ही ओढ कशाची असते, तिच्यांत खरें किती व कल्पित किती, आणि पुढील पिढीस तिचा कांहीं उपयोग आहे कीं नाहीं, हे प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

यवतमाळ जिल्हा हें कांहीं फुटबॉलचें माहेरघर नव्हे. हा कापूस पिकविणारा मुलूख. येथील गांवोगांवच्या वृद्धांना आठवतात त्या कुस्त्या, हुतूतूचे डाव, आणि शंकरपटांत धांवलेल्या बैलजोड्या. अमक्या वर्षीच्या पटांत अमक्याची जोडी कशी सुटली, हें सांगतांना वणी-पुसदकडील शेतकऱ्याचा जो स्वर लागतो, तोच स्वर मुंबई-कलकत्त्याच्या फुटबॉलषौकिनाचाहि असतो. मोठ्या कपांचे सामने मात्र ह्या जिल्ह्यांत फार दुरून आले. मुंबई-नागपूर लोहमार्ग यवतमाळास शिवत नाहीं. तो धामणगांवावरून निघून जातो. त्यामुळें मुंबईचें वर्तमानपत्र यवतमाळास पोंचेपर्यंत सामन्याचा निकाल शिळा झालेला असे. पुढें १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, आणि दूरचें जग वऱ्हाडाच्या दिवाणखान्यांत थोडें जवळ आलें. वाचलेल्या व ऐकलेल्या सामन्याची एक वेगळीच गंमत असते. पाहिलेल्या सामन्याला एकच मैदान असतें. ऐकलेल्या सामन्याला जितके श्रोते तितकीं मैदानें असतात. म्हणूनच ज्यांनीं मुंबईचें कुपरेज मैदान कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्यांच्याहि मनांत त्याचें एक चित्र असूं शकतें, आणि तें पुसटतांना त्यांनाहि हळहळ वाटते.

सामने तर नित्य होतात. मग नेमके कांहींच कां आठवतात? ह्याचें पहिलें उत्तर कपाच्या सामन्याच्या स्वरूपांतच आहे. साखळी सामन्यांत आज हरलेला संघ पुढल्या आठवड्यांत ती उणीव भरून काढूं शकतो. कपाच्या सामन्यांत जो हरला तो घरीं गेला. एका चुकीची किंमत सबंध वर्षाची मेहनत! तेथें प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो, आणि ज्या वेळीं जीव टांगणीला लागला ती वेळ मनुष्य सहसा विसरत नाहीं. दुसरें उत्तर असें कीं, गाजलेल्या सामन्यांत चेंडूबरोबर आणखीहि कांहीं पणाला लागलेलें असतें.

कलकत्त्याचें उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. २९ जुलै १९११ रोजीं मोहनबागान संघानें आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव केला. पहिला गोल पलटणीचा झाला होता. नंतर संघनायक शिवदास भादुरी यांनीं बरोबरी साधली, आणि अभिलाष घोष यांनीं विजयाचा गोल केला. विजयी संघाच्या अकरा खेळाडूंपैकीं दहा अनवाणी होते; बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जी यांच्या पायांत. गोरी पलटण म्हणजे राज्यकर्त्यांचें प्रत्यक्ष बळ, असें ज्या काळीं लोक मानीत, त्या काळीं ह्या दोन गोलांनीं काय केलें असेल, ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. तेव्हां लोकांच्या स्मरणांत राहिला तो केवळ खेळ नव्हे. आपणहि ह्यांना हरवूं शकतों, हा नव्यानेंच लागलेला शोध त्यांच्या स्मरणांत राहिला.

महाराष्ट्रांत ही जागा मुंबईच्या रोव्हर्स कपानें घेतली. ड्युरँड कपाचे सामने १८८८ सालीं सुरू झाले, रोव्हर्सचे १८९१ सालीं, आणि आय. एफ. ए. शील्डचे १८९३ सालीं. रोव्हर्सचा पहिला कप वूस्टरशायर पलटणीनें जिंकला, आणि त्यापुढें कित्येक वर्षें हा कप एका पलटणीच्या हातून दुसऱ्या पलटणीच्या हातीं जात राहिला. १९२३ सालीं मोहनबागान मुंबईस येऊन अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. परंतु डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढें त्याला हार खावी लागली. देशी संघाला हा कप मिळावयास १९३७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं बंगलोर मुस्लिम्स संघानें तो जिंकला, आणि पुढील वर्षीं पुन्हां जिंकून पहिला विजय हा योगायोग नव्हता हें दाखवून दिलें. १९४० सालीं कलकत्त्याच्या महंमेडन स्पोर्टिंग संघानें ह्याच बंगलोर मुस्लिम्सना हरवून रोव्हर्स घेतला, आणि त्याच वर्षीं दिल्लीस रॉयल वॉरिकशायर पलटणीला २-१ असें नमवून ड्युरँडहि घेतला. ज्या अंतिम सामन्यांत पूर्वीं पलटणींची गांठ पलटणींशीं पडत असे, त्यांत आतां दोन देशी संघ समोरासमोर उभे होते. ही वाटचाल अर्ध्या शतकाची होती, आणि तिचा प्रत्येक टप्पा कुणाच्या ना कुणाच्या तरी आठवणींत सांठविला गेला.

यवतमाळकरांना अधिक जवळचें वाटावें असें पुढलें प्रकरण हैदराबादचें आहे. पैनगंगा ही ह्या जिल्ह्याची दक्षिण सीमा. सप्टेंबर १९४८ पर्यंत नदीच्या पलीकडे निजामाचें राज्य होतें. त्या राज्याच्या राजधानींतील हैदराबाद सिटी पोलीस ह्या संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत रोव्हर्स कप ओळीनें पांच वेळां जिंकला. ह्या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. शिस्त, अचूक पास आणि रिकाम्या जागेचा उपयोग, हे धडे त्यांनीं आपल्या खेळाडूंकडून शाळेंतल्या पाढ्यांसारखे पाठ करून घेतले. पुढें देशाच्या संघाची जबाबदारीहि त्यांनीं वाहिली. १९५१ सालीं दिल्लीस आणि १९६२ सालीं जाकार्तास भारतानें आशियाई क्रीडासामन्यांत सुवर्णपदक मिळविलें, आणि १९५६ सालीं मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्यें चौथा क्रमांक मिळविला, तो त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं. मेलबोर्न येथें ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना भारतानें ४-२ असा जिंकला. त्यांत मुंबईच्या मैदानांवर गाजलेले, मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनीं तीन गोल केले.

येथवर सांगितलें तें सर्व नोंदींत सांपडतें. परंतु जुन्या षौकिनांच्या तोंडून जें ऐकूं येतें, तें सर्वच नोंदींत सांपडत नाहीं. स्मरणशक्ति ही मोठी लबाड कारकून आहे. ती जमेच्या बाजूला मनास येईल तें लिहिते. १९११ च्या सामन्यानंतर म्हणे एका गृहस्थानें फोर्ट विल्यमवरील निशाणाकडे बोट दाखवून, तें केव्हां उतरणार, असें विचारलें. आणि उत्तर मिळालें कीं, मोहनबागान पुन्हां शील्ड जिंकेल तेव्हां. मोहनबागानानें शील्ड पुन्हां जिंकली ती खरोखरच १९४७ सालीं! योग विलक्षण आहे. पण तें संभाषण दंतकथेच्याच कोटींतलें मानलें पाहिजे. तशीच दुसरी कथा १९५० च्या विश्वकप सामन्यांची. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून भारताचा संघ ब्राझीलला गेला नाहीं, असें आजहि घरोघर सांगितलें जातें. वस्तुतः तें कारण नव्हतें. त्या काळीं ऑलिंपिकपुढें विश्वकपाचें महत्त्व आपल्या चालकांना वाटलें नाहीं, आणि एवढ्या दूरच्या प्रवासास ते राजी झाले नाहींत. पण "वाटलें नाहीं" ह्या सरळ उत्तरापेक्षां अनवाणी पायांची गोष्ट मनाला अधिक भावते, म्हणून तीच टिकली.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाहीं. इंग्लंडांत २ मे १९५३ रोजीं झालेला एफ. ए. कपाचा अंतिम सामना अजूनहि स्टॅन्ले मॅथ्यूजच्या नांवानें ओळखला जातो. ३-१ असा मागें पडलेला ब्लॅकपूल संघ शेवटच्या वीस-बावीस मिनिटांत उसळला, आणि त्यानें बोल्टनला ४-३ असें हरविलें. ब्लॅकपूलच्या चार गोलांपैकीं तीन केले ते मॉर्टेन्सन यांनीं, आणि चौथा पेरी यांनीं. मॅथ्यूज यांचा त्यांत एकहि गोल नव्हता. परंतु उजव्या बाजूनें त्यांनीं ज्या मुसंड्या मारल्या, त्यांनींच सामन्याचें पारडें फिरविलें. लोकांनीं गोल मोजले नाहींत, रंग आणला कोणीं तें लक्षांत ठेविलें. तें अन्यायाचें आहे, आणि एका अर्थीं यथार्थहि आहे.

मग "तसा सामना आतां होणें नाहीं" हें म्हणणें खरें मानावें काय? खेळाच्या दृष्टीनें पाहिलें तर तें पूर्णपणें खरें नाहीं. अनवाणी पायांचें कौतुक करणारे १९४८ ची लंडनची लढत आनंदानें सांगतात. फ्रान्ससारख्या संघाशीं भारत केवळ २-१ असा हरला, आणि दोन पेनल्टी वायां गेल्या नसत्या तर कदाचित् जिंकलाहि असता. परंतु हेच लोक १९५२ सालच्या हेलसिंकीचा उल्लेख टाळतात. तेथें युगोस्लाव्हियानें भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. जुन्या काळांतलें लंडन ठेवून हेलसिंकी गाळावयाचें, हा हिशेब सचोटीचा नव्हे. रहीम यांचा मोठेपणा असा कीं, त्यांनीं तो पराभव विसरण्याचा प्रयत्न केला नाहीं. त्यांतून ते शिकले, आणि चार वर्षांनीं मेलबोर्न घडलें. जुन्या गोष्टी आठवण्याची योग्य रीत तीच.

तथापि एका बाबतींत वृद्धांची हळहळ रास्त आहे. ती खेळाच्या दर्जाविषयीं नाहीं. ती प्रसंगाविषयीं आहे. कलकत्ता, हैदराबाद, बंगलोर, गोवें अशा ठिकाणचे संघ एका शहरांत येत, गिरणीकामगार, कारकून व विद्यार्थी एकाच मैदानाभोंवतीं उभे राहत, आणि वर्षांतले कांहीं दिवस सर्वांच्या बोलण्याचा विषय एकच असे. रोव्हर्स कपाचे शेवटचे सामने २०००-०१ च्या हंगामांत झाले, आणि त्यानंतर ते भरलेच नाहींत. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा अशी बंद पडली. १९५० सालीं जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या घरांत आहे. हैदराबादचे ते पांच विजय ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिले, ते आतां थोडेच उरले असणार; आणि त्यांचे नातू ज्या मैदानावर जाऊन "आजोबा येथें उभे होते" असें म्हणतील, त्या मैदानावर तो कप आतां खेळला जात नाहीं.

ह्याच्या उलट कोल्हापूरकडे पाहावें. तेथें पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशीं संघांचीं नांवें आहेत. तालमींच्या मातींतून उठलेले हे संघ शाहू स्टेडियमवर आजहि एकमेकांशीं झुंजतात. तेथेंहि वृद्ध लोक जुने सामने आठवतात, आणि आजच्या पोरांत तो दम नाहीं म्हणतात. पण तें म्हणतांना ते त्याच पेठेच्या त्याच संघाच्या पाठीमागें, नातवाच्या शेजारीं बसलेले असतात. त्यांच्या आठवणींना पुढें जावयास वाट आहे. ड्युरँड कपाचीहि मधल्या कांहीं वर्षांत आबाळ झाली. परंतु २०१९ पासून तो कलकत्त्यास पुन्हां जोमानें भरूं लागला, आणि त्याच्या जुन्या विजेत्यांच्या यादीला नवीं नांवें जोडलीं जाऊं लागलीं. खेळ चालू असला म्हणजे आठवण ही शिदोरी होते. खेळ थांबला म्हणजे तीच आठवण नुसता उसासा होऊन बसते.

म्हणून ज्यांना जुन्या सामन्यांचें प्रेम आहे, त्यांना दोन गोष्टी करण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, जें आठवतें तें लिहून ठेवावें. आणि लिहितांना वर्ष, मैदान, दोन्ही संघ व गोल हीं आधीं द्यावींत, रंग मागून भरावा. मुंबईच्या कपाविषयींच नव्हे, तर यवतमाळ, दारव्हा, पुसद, उमरखेड येथल्या शाळांच्या सामन्यांविषयींहि असें लिहितां येईल. शाळेच्या जुन्या छायाचित्रांत ढाल पुढें ठेवून बसलेल्या मुलांचीं नांवें सांगणारें कुणी आहे तोंवरच तीं नांवें छायाचित्राच्या पाठीमागें लिहून ठेविलीं पाहिजेत. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. नातवाला जुना सामना सांगून झाला, कीं त्याच सायंकाळीं त्याला घेऊन गांवांतल्या मैदानावर जावें. तेथें जीं पोरें खेळत असतील, त्यांचा खेळ कदाचित् ओबडधोबड असेल. तरी कडेला उभें राहून तो शेवटपर्यंत पाहावा, आणि चांगल्या पासाला मोठ्यानें शाबासकी द्यावी. त्या पोरांतलाच एखादा आणखी पन्नास वर्षांनीं आपल्या मित्राला म्हणेल, "तसा सामना आतां होणें नाहीं". आणि तें म्हणावयास त्याच्यापाशीं एक सामना असेल.