शेवटचे तीन डाव

एखाद्या गवयाची मैफल एके रात्रीं अशी रंगते कीं, ऐकणारे ती वर्षानुवर्षें आठवीत राहतात. पुढल्या खेपेस गवई तोच, साथीदार तेच आणि श्रोतेहि तेच असतात. तरी मन साशंकच असतें. गेल्या वेळचा रंग पुन्हां भरेल काय? असाच प्रश्न अमेरिकेंतील बेसबॉलच्या रसिकांना दर वर्षीं पडतो, आणि तो विशेषेंकरून राखीव पिचरांविषयीं पडतो.

पिचर म्हणजे क्रिकेटमधील गोलंदाजाच्या जागीं असणारा खेळाडू. क्रिकेटमध्यें गोलंदाजाला विश्रांति देऊन पुन्हां चेंडू हातीं देतां येतो. बेसबॉलमध्यें एकदां सामन्याबाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यांत परत येऊं शकत नाहीं. सामना नऊ डावांचा. पहिला पिचर पांचसहा डावांनंतर थकला, कीं मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नांवाच्या जागेंत हात मोकळा करीत असलेला राखीव पिचर पुढें येतो. हातीं असलेली आघाडी सांभाळणें हें त्याचें काम. तो यशस्वी झाला तर त्यांत कोणाला नवल वाटत नाहीं. तो चुकला तर मात्र दोन तासांचे श्रम एका क्षणांत वायां जातात.

या प्रश्नाचा विचार करण्यास मिसूरी संस्थानांतील कॅन्सस सिटी रॉयल्स या संघाचें उदाहरण फार बोधप्रद आहे. १९८५ सालीं अजिंक्यपद मिळविल्यानंतर तब्बल एकोणतीस वर्षांनीं, २०१४ सालीं, हा संघ हंगामानंतरच्या निर्णायक सामन्यांत पोहोंचला. त्याचें बरेंचसें श्रेय तीन राखीव पिचरांना होतें. सातवा डाव केल्विन हेरेराचा, आठवा वेड डेव्हिसचा आणि नववा ग्रेग हॉलंडचा, अशी वांटणी जणूं ठरूनच गेली होती. क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळें गेलेल्या धावा वगळून दर नऊ डावांस किती धावा दिल्या, यावरून पिचरचें मोल ठरवितात. त्या हंगामांत हेरेराचा आंकडा १.४१, डेव्हिसचा १.०० आणि हॉलंडचा १.४४ होता. तीनचा आंकडाहि जेथें उत्तम मानतात, तेथें हे आंकडे अद्भुतच म्हटले पाहिजेत. हेरेरानें ७० डाव टाकले, डेव्हिसनें ७२. पण त्या संपूर्ण हंगामांत दोघांपैकीं एकालाहि कोणी होमरन मारूं शकला नाहीं.

तथापि अजिंक्यपद हुकलें. २९ ऑक्टोबर २०१४ रोजीं सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध सातवा व शेवटचा सामना झाला. हेरेरा चौथ्या डावांत आला तेव्हां आधींच्या पिचरचे दोन प्रतिस्पर्धी बेसवर उभे होते. त्यांतील एक घरीं परतला आणि जायंट्सची आघाडी ३-२ झाली. त्यानंतर तिघांनीं मिळून एकहि धाव दिली नाहीं. परंतु पलीकडे मॅडिसन बमगार्नर, केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, शेवटचे पांच डाव टाकीत उभा राहिला आणि त्यानेंहि एक धाव दिली नाहीं. राखीव पिचरांच्या बळावर चढलेला संघ दुसऱ्याच्या राखीव पिचरपुढें थांबला.

आतां प्रश्न उभा राहिला: २०१५ सालीं हें पुन्हां साधेल काय? शंका घेण्यास सबळ कारणें होतीं. पहिलें कारण गणिताचें. संपूर्ण हंगाम खेळणारा आघाडीचा पिचर दोनशेंच्या आसपास डाव टाकतो. राखीव पिचर जेमतेम सत्तर. डेव्हिसनें ७२ डावांत अशा आठच धावा दिल्या होत्या. तिन्ही बेसवर खेळाडू असतांना एक होमरन म्हणजे चार धावा. म्हणजे केवळ दोन चेंडू चुकले असते तरी त्याचा आंकडा दुप्पट झाला असता. इतक्या थोड्या डावांत कौशल्य किती आणि दैव किती, हें वेगळें काढणें दुर्घट असतें. ज्या आंकड्यांत दैवाचा वांटा असतो, ते पुढल्या वर्षीं सामान्याकडे ओढले जातात.

दुसरें कारण शरीराचें. अतिवेगानें चेंडू फेंकतांना कोपरावर जो ताण पडतो, तो सोसण्यास निसर्गानें तें घडविलेलें नाहीं. मुळांत डेव्हिसला आठवा डाव मिळाला तोच अशा दुखापतीमुळें. २०१३ सालीं तो प्रारंभींचा पिचर म्हणून फिका पडला होता. २०१४ च्या वसंतांत ल्यूक होचेव्हरच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि ती जागा डेव्हिसकडे आली.

२०१५ चें उत्तर दोन्ही शंकांना न्याय देणारें निघालें. डेव्हिसचा आंकडा ०.९४ झाला, त्यानें पराक्रमाची पुनरावृत्ति केली. हेरेरा २.७१ वर आला: चांगला, पण पूर्वींचा नव्हे. हॉलंड ३.८३ वर घसरला. सप्टेंबरांत त्याच्या कोपराचा स्नायुबंध फाटल्याचें निष्पन्न झालें आणि त्याचा हंगाम तेथेंच संपला. तिघांपैकीं एकच पूर्ववत् राहिला.

तरीहि राखीव पिचरांचें दल दुबळें झालें नाहीं. २०११ नंतर वरिष्ठ स्पर्धेंत एकहि चेंडू न टाकलेला, पस्तिशीला टेकलेला रायन मॅडसन संघानें घेतला; त्यानें २.१३ चा आंकडा गांठला. होचेव्हरहि बरा होऊन परतला. १ नोव्हेंबर २०१५ रोजीं न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध रॉयल्सनें आठ डावांपर्यंत ०-२ अशी पिछाडी सोसून नवव्यांत बरोबरी साधली. हेरेरानें सातव्यापासून नवव्यापर्यंतचे डाव टाकले, होचेव्हरनें दहावा व अकरावा, आणि बाराव्या डावांत संघानें पांच धावा काढल्यावर डेव्हिसनें शेवट केला. अजिंक्यपद तीस वर्षांनीं घरीं आलें. विजयाची नोंद होचेव्हरच्या नांवें झाली. ज्याच्या दुखापतीनें डेव्हिसचें भाग्य उघडलें, त्याच्याच!

हॉलंड त्या रात्रीं खेळण्याजोगा नव्हता. ऑक्टोबरांत त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि डिसेंबरांत संघानें त्याच्याशीं करार केला नाहीं. २०१६ चा सारा हंगाम त्याला घरीं बसून काढावा लागला. २०१७ सालीं कोलोरॅडोच्या संघांतून त्यानें ४१ सामने राखून दाखविले खरे; पण ज्या संघासाठीं त्याचा हात झिजला, त्या संघाचा तो राहिला नव्हता. डेव्हिसलाहि २०१६ सालीं हाताच्या दुखण्यानें गांठलें आणि त्या वर्षीं रॉयल्सनें ८१ सामने जिंकून ८१ गमावले.

तेव्हां पराक्रमी हंगामाची पुनरावृत्ति होते काय, या प्रश्नाचें उत्तर असें कीं, माणसांची क्वचित् होते, व्यवस्थेची होऊं शकते. गेल्या वर्षींच्या यशावर विसंबून जो संघ तींच तीन नांवें पुन्हां लिहून ठेवतो, त्याची निराशा ठरलेली. जो चौथा व पांचवा मनुष्य आधींच शोधून ठेवतो, त्याला आशेस जागा राहते. मात्र त्या यशाचा हिशेब मांडतांना, ज्यांच्या हातांनीं तें मिळालें त्यांचें पुढें काय झालें, हेंहि त्याच पानावर लिहिलें पाहिजे.