ऑनर्सची पदवी आणि पुढचे शिक्षण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा येथे गौरव झाला, त्यांच्या पालकांना सध्या एकच प्रश्न भेडसावीत आहे. पदवी तीन वर्षांत पुरी करावी, की चौथे वर्ष काढून ऑनर्स घ्यावी? ऑनर्सवाचून एम. ए., एम. एस्सी.चे दार बंद होते, अशी समजूत घरोघर पसरली आहे. तिचा थोडा विचार करावा, एवढाच आमचा हेतू.

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा काढला, त्यात तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्सला १६० श्रेयांक ठरविले आहेत. तीन वर्षे करणाऱ्यास पुढे दोन वर्षांचे एम. ए. आहे, चार वर्षे करणाऱ्यास एका वर्षाचे. म्हणजे तीन नि दोन पाच, चार नि एकही पाचच! दार दोघांनाही उघडे आहे. आय. आय. टी.तील एम. एस्सी.साठी होणाऱ्या 'जॅम' परीक्षेत तर ऑनर्स या शब्दाला एकही गुण मिळत नाही. तेथे उत्तरपत्रिकाच बोलते.

मग चौथे वर्ष व्यर्थ काय? मुळीच नाही. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते, आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीस ७५ टक्के गुण असल्यास एम. ए. न करताही पीएच. डी.च्या प्रवेशास पात्र होता येते. राखीव वर्गांस पाच टक्क्यांची सवलत आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यानेही ध्यानी ठेवावे की, अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात.

तात्पर्य, ज्याला संशोधनाची गोडी आहे त्याने चौथे वर्ष अवश्य करावे. केवळ नावापुढे अक्षरे वाढावीत म्हणून करू नये. प्रवेशापूर्वी महाविद्यालयात तीन गोष्टी विचाराव्या: प्रबंधास मार्गदर्शक कोण, प्रयोगशाळा व ग्रंथालय कसे, आणि एका वर्षाचे एम. ए. जवळपास कोठे आहे.

आता मंडळाच्या चालकांस एक नम्र विनंती. आपली शिष्यवृत्ती तिसऱ्या वर्षी थांबते. पैशाअभावी चौथे वर्ष सोडणारी हुशार मुले आपल्यातच आहेत. आणि मुलीच्या बाबतीत तर 'तीन वर्षे पुष्कळ झाली, आता स्थळ पाहू' असे म्हणणारी घरेही आहेत. ज्यांनी ७५ टक्क्यांची अट पुरी केली, अशा दोघाचौघांना तरी चौथ्या वर्षाची फी मंडळाने द्यावी, आणि त्यात मुलींचा विचार आधी व्हावा. दारे सरकारने उघडली आहेत. उंबरठ्यापर्यंत पोहोचविणे हे ज्ञातीचे काम आहे.