आदळलेला कण कोणत्या दिशेला वळतो?

संगणकीय ॲनिमेशनमध्ये पाऊस, ठिणग्या, धूळ किंवा गळणारी पाने दाखवायची असली की बहुधा कणप्रणाली वापरतात. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात निर्जीव ग्रहावर पसरत जाणारा आगीचा लोळ लुकासफिल्ममधील विल्यम रीव्ह्ज यांनी याच पद्धतीने साकारला. पुढच्या वर्षी त्यांनी ही पद्धत शोधनिबंधात मांडली.

कण म्हणजे मुळात नुसता एक बिंदू. त्याला जागा, वेग आणि आयुष्य असते. पुढची-मागची किंवा वरची-खालची बाजू नसते. ठिणगीचे तेवढ्यावर भागते. पण बिंदूच्या जागी झाडाचे पान बसवले की पान कसे वळलेले आहे हेही प्रत्येक कणासोबत नोंदवावे लागते. हवेत ते कसेही गिरक्या घेवो, कौलारू छपरावर पडल्यावर मात्र ते उताराला धरून टेकले पाहिजे.

त्यासाठी आधी टक्कर नेमकी कुठे झाली ते शोधतात. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडतो. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे दोन फ्रेमच्या दरम्यान थेंब सुमारे ३७.५ सेंटिमीटर खाली येतो. फक्त फ्रेमपुरती जागा पाहिली, तर तो छप्पर भेदून घरात गेलेला आढळेल. म्हणून आधीची आणि नंतरची जागा जोडणारी रेषा, पृष्ठभाग ज्या छोट्या त्रिकोणांचा बनवलेला असतो त्यांपैकी कोणत्या त्रिकोणाला छेदते हे तपासतात. छेदबिंदू मिळाला की तिथला लंब मिळतो, आणि दिशेचा सगळा हिशेब या लंबावर चालतो.

पानाच्या पाठीतून सरळ वर जाणारी एक रेषा कल्पावी. ही रेषा लंबाशी जुळवायची असते. दोहोंच्या सदिश गुणाकारातून फिरवण्याचा अक्ष मिळतो, अदिश गुणाकारातून कोन. छपराचा उतार ३० अंशांचा असेल आणि पान आडवेच खाली आले असेल, तर ते आढ्याला समांतर अक्षाभोवती ३० अंश वळते. पान उलटे, पण छपराला समांतर आले, तर सदिश गुणाकार शून्य होतो आणि अक्षच सापडत नाही. पानाला पालथे पडणे चालते, म्हणून तिथे लंबाची उलट दिशा धरून काम भागवतात.

लंबाने प्रश्न अर्धाच सुटतो. पान उताराला टेकले, तरी त्याचे देठ आढ्याकडे की पन्हळीकडे, हे लंब सांगत नाही. त्यासाठी दुसरी दिशा लागते. घसरणाऱ्या पानासाठी वेगाचा पृष्ठभागालगतचा भाग घेतात. स्थिर पानासाठी यादृच्छिक कोन बरा, नाहीतर सगळी पाने कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसतात.

हे वळण एका फ्रेममध्ये घडले तर झटका दिसतो. म्हणून ते काही फ्रेममध्ये वाटून देतात. इथे हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये शोधलेले क्वाटर्नियन, म्हणजे वळण मांडता येणाऱ्या चार घटकांच्या संख्या, उपयोगी पडतात. क्वाटर्नियन वापरून ॲनिमेशनमधील मधल्या स्थिती काढण्याची रीत केन शूमेक यांनी १९८५ मध्ये दाखवली.

गोलसर कौलावर प्रत्येक त्रिकोणाचा एकच लंब धरला, तर शेजारच्या पानांचे कल पायरीपायरीने बदलतात. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांचे लंब अंतरानुसार मिसळले की कल सलग होतो. पृष्ठभाग हलता असेल, समजा घोड्याची पाठ, तर त्रिकोणाचा क्रमांक आणि मिसळण्याचे हेच प्रमाण जपून ठेवतात. मग पाठ वाकली की पानही तिच्याबरोबर कलते.

लंबाशी जुळवण्याचा हा नियम सरसकट लावता येत नाही. फळीत रुतलेला बाण लंबाशी जुळवला, तर तिरका सुटलेला बाणही काटकोनात उभा दिसेल. त्याची दिशा आदळण्याआधीच्या वेगावरून ठरते आणि टक्कर होताच तिथेच गोठवली जाते.