खगोल शिकवावा कसा?



आरंभीच माझ्या एका फजितीची गोष्ट सांगतो.

मी गणिताचा प्राध्यापक. एम. ए.ला आम्हांला खगोलाची एक सबंध प्रश्नपत्रिका होती. गोलावरचे त्रिकोण सोडवले, ताऱ्यांचे उन्नतांश काढले, गुणही बरे मिळाले. नोकरी लागली त्या वर्षी जूनमध्ये गावी गेलो होतो. ‘मृग लागला’ असे घरोघरी चालले होते. सुट्टीला आलेल्या भाच्याने विचारले, “मामा, मृग लागला म्हणतात, तो आभाळात कुठं आहे? दाखव की!” मी त्याला घेऊन अंगणात आलो. ढग पांगले होते. बराच वेळ मान वर करून शोधले, पण मृग काही सापडेना. ओट्यावर आमचे थोरले काका बसले होते. त्यांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नाही. ते म्हणाले, “अरे, तो आत्ता कसा दिसंल? वैशाखात मावळतीला टेकला होता. आता तो सूर्याच्या संगतीनं उगवतो आणि त्याच्याच संगतीनं मावळतो. दिवाळी होऊ दे, मग ये बघायला.”

मी गप्प बसलो. गंमत अशी की, काकांचे उत्तर माझ्या वहीत होतेच, पण आकड्यांत होते. त्या आकड्यांचा आणि डोक्यावरच्या आभाळाचा काही संबंध आहे, हे मला कोणी दाखवले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. पुढे मीदेखील तसेच शिकवू लागलो असतो. आजचे बोलणे आहे ते यासाठीच.

‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे वाक्य आपली मुले तिसरी-चौथीत पाठ करतात. कशावरून फिरते, असे विचारले की वर्गात शांतता! गुरुजी, याचे उत्तर मृगात आहे. वर्गाच्या मधोमध एका मुलाला उभे करा. तो सूर्य. चार भिंतींवर खडूने क्रमाने चार नावे लिहा : मृग, उत्तरा, ज्येष्ठा, उत्तराभाद्रपदा. दुसऱ्या मुलीला पृथ्वी करा आणि सूर्याभोवती फिरू द्या. ज्या जागेवरून तिला सूर्याच्या पाठीमागे ‘मृग’ दिसतो, तिथे तिला थांबवा. हाच जूनचा पहिला आठवडा संपतानाचा दिवस. मृग लागला म्हणजे सूर्य मृगाच्या ताऱ्यांत आला. म्हणूनच मृग तेव्हा दिसत नाही. आता तिला अर्धी फेरी पुढे न्या. तिने सूर्याकडे पाठ केली, म्हणजे तिच्याकडे रात्र झाली, की समोर मृग! हा मार्गशीर्ष. त्या महिन्याची पौर्णिमा मृगाच्या आसपास होते, म्हणून तर त्याचे नाव मार्गशीर्ष. मग एखाद्या डिसेंबरच्या रात्री मुलांना पूर्वेला चार पायांचे चार तारे, पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आणि खाली झगझगणारा व्याध दाखवा. ते वाक्य मग पाठ करावे लागणार नाही.

आपण म्हणाल, रात्री मुलांना शाळेत बोलवायचे कसे? दूर वस्तीवरची मुले, मुलींची काळजी, हे सारे खरे आहे. पण खगोल दिवसाही शिकवता येतो. मैदानात एक मीटरची काठी ओळंब्याने अगदी सरळ रोवा. सूर्याकडे मुळीच बघू द्यायचे नाही, फक्त सावली मोजायची. सावली सर्वांत आखूड होते ती खरी दुपार, आणि त्या वेळची सावलीची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण दिशा. ती होकायंत्रापेक्षाही खरी. आपल्या महाराष्ट्रात वर्षातून दोन दिवस असे येतात की भरदुपारी ही सावली नाहीशी होते. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला मेच्या मध्याला, नागपूरला २६ मेच्या सुमारास. दुर्दैव एवढेच की तेव्हा शाळांना सुट्टी असते, आणि दुसरी तारीख येते ती पावसाळ्यात. म्हणून हे काम मुलांना सुट्टीचा अभ्यास म्हणून घरीच द्यावे.

डिसेंबरात मात्र याहून मोठे काम करता येईल. पुणे आणि नाशिक ही गावे जवळजवळ एकाच उत्तर-दक्षिण रेषेवर आहेत. सरळ अंतर सुमारे १६५ किलोमीटर. दोन्हीकडच्या शाळांनी एकाच दुपारी एक मीटर काठीची सावली मोजली, तर नाशिकची सावली जवळपास पाच सेंटिमीटर लांब भरेल. त्यावरून सूर्याच्या उंचीतला फरक निघतो सुमारे दीड अंश. दीड अंशाला १६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येईल. हा पृथ्वीचा घेर! दोन काठ्यांनी आणि शाळकरी गणिताने पृथ्वी मोजून होते.

आता आम्हां महाविद्यालयवाल्यांविषयी. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली प्राध्यापक कावसजी नाईगमवाला यांनी मोठी वेधशाळा उभारली. त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी दुर्बीण तिथे होती. १८९८च्या खग्रास ग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूरकडच्या जेऊर इथे घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. उलट शंकर बाळकृष्ण दीक्षित पाहा. मुरूडचे हे गृहस्थ पेशाने शिक्षक होते. त्यांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिला, तो १८९६ साली प्रसिद्ध झाला, आणि आजही त्यावाचून अभ्यासकाचे पान हलत नाही. दुर्बीण हवीच, पण शिकवणारा नसेल तर दुर्बीण मुकीच राहते.

आमच्या वर्गातही हाच मृग उपयोगी पडावा. सूर्य मृगात येण्याची तारीख सुमारे सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. हजार वर्षांपूर्वी तो, आजच्या दिनदर्शिकेने, मेच्या २५ तारखेच्या सुमारास मृगात येत असे. ऋतू मात्र ताऱ्यांवर नव्हे, सूर्याच्या उत्तर-दक्षिण जाण्यावर चालतात. मग आणखी हजार वर्षांनी मृगाच्या पेरण्यांचे काय होईल? अयनचलनाचे समीकरण फळ्यावर मांडण्यापूर्वी हा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलाला विचारून पाहा. समीकरण तो स्वतः मागून घेईल.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, माझे मागणे थोडेच आहे. या वर्षी शाळेच्या मैदानात एक काठी रोवा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला अर्धा तास वर्गात बोलवा आणि त्यांना नक्षत्रे विचारा. त्यांना ‘कसे दिसते’ हे ठाऊक आहे. ‘का’ ते आपण सांगायचे आहे. माझ्या भाच्याला मी त्याच वर्षी, दिवाळीनंतर, मृग दाखवला. पण तो आधी कोठे शोधायचा, हे मला काकांनी सांगावे लागले.